घोरेमास्तरांचं नाटक

प्रिय शिट्टी,

हे अक्षर तुझ्या ओळखीचं नाही. आपण एकत्र काम करायचो तेव्हा मला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं. माझी माहेरची पत्रं तूच लिहून द्यायचीस आणि शेवटी मला न विचारता ‘इकडची काळजी नसावी’ असं ठोकून द्यायचीस. आता मी लिहिते, वाचते. पुड्यांच्या कागदांपासून सुरुवात केली, मग रद्दीतली मासिकं, मग वाचनालयातली जाडजूड पुस्तकं. रात्री यांना वाचून दाखवायची. मी अडखळले की हे म्हणायचे, थांबू नकोस, चुकीचं वाच पण पुढं चल. शिबिरात सगळे तुला शिट्टी म्हणायचे, कारण तलावाकाठची शिट्टी तुझ्या गळ्यात असायची. त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नसेल, म्हणून मुद्दाम मारते. गुडघे कसे आहेत? यजमानांची तब्येत बरी ना? मी बरी आहे. हे गेल्याचं तुला कळलं होतं. तू आली नाहीस, त्याचं मला नवल वाटलं नाही.

मी पुन्हा त्याच शिबिरात आहे बरं का. तोच तलाव, तोच लाकडी धक्का, होड्यांची शेड तेवढी नव्या पत्र्याची. तुझ्या सासऱ्यांनी शिबिर विकल्यावर ते बऱ्याच हातांतून गेलं, त्यामुळे मला ओळखणारं इथं कुणी नाही. हे गेल्यावर घर अंगावर यायचं. एकटीपुरतं किती शिजवायचं हेच कळेना, रोज उरायचं आणि उरलेलं बघून रडू यायचं. इथं स्वयंपाकीण हवी होती, आले. सूड घ्यायला आले नव्हते, हे आधीच लिहून ठेवते. सुडाचं नावही मनात नव्हतं. तो तू स्वतः पाठवलास, निळ्या बॅगेसकट, या सोमवारी.

तुझी नात गाडीतून उतरली आणि माझ्या हातातलं भांडं तिथंच थांबलं. हनुवटीवरचा खड्डा तुझा, मान उडवायची सवय तुझी. बॅगेवरचं आडनाव वाचलं. वाचता येतं ना आता. पहिल्या दिवशी इथं जे होतं ते सगळं झालं. वरची खाट कुणाची यावरून भांडणं, नळावर रांग, कुणाचा तरी एकच बूट हरवणं, आणि दिवा मालवल्यावर उशीत तोंड खुपसून रडणं. तुझी नात रडली नाही. ती बडबडत होती. सकाळपर्यंत पोरींनी तिचं नाव टकळी ठेवलं होतं आणि तिलाही ते पसंत पडलं होतं. पोर गोड आहे गं. ताट स्वतः विसळते, दुसऱ्याचंही विसळते. मला मावशी म्हणते. कुणाची शिकवण आहे कोण जाणे, तुझी नसावी.

मंगळवारी रात्री जेवताना तिनं गोष्ट सांगितली. मी सूप वाढत होते. आमच्या आजीची फेमस गोष्ट आहे, म्हणाली, लहानपणापासून झोपताना आम्हाला हीच लागते. घोरेमास्तरांची. एका तलावावर पोहायला शिकवणारे मास्तर होते, ते नावेतच झोपायचे. एवढे घोरायचे की बेडूक पळून जायचे. एक दिवस एक मुलगा बुडायला लागला तरी मास्तर आपले घुर्र, घुर्र. शेवटी मासा अंगठ्याला चावला तेव्हा उठले, आणि सगळ्यांनी हाकलून दिल्यावर पायजमा सावरत पळत सुटले. पोरगी घोरून दाखवत होती आणि अख्खं टेबल पोट धरून हसत होतं. शेजारच्या टेबलावरचा एक म्हणाला, मावशी, सूप वाहतंय. खरंच वाहत होतं, माझ्या हातावरून. मला भाजल्याचं कळलंसुद्धा नाही.

खोटं बोललीस, ते मी समजू शकत होते. तू तरुण होतीस, घाबरली होतीस. पण त्या खोट्याची अंगाई केलीस? नातवंडांना थोपटत, हसत हसत?

त्या दिवशी काय झालं ते तुला मी सांगायला नको, पण लिहिते, म्हणजे मला ठाऊक आहे हे तुला कळेल. तेव्हाही नियम हाच होता: पाण्यात मुलं असताना शिट्टीवाल्यानं पाण्याकडे पाठ करायची नाही. हे उथळ कडेला लहानग्यांना हात मारायला शिकवत होते. खोल बाजू तुझी होती. आणि तू मालकांच्या मुलाबरोबर होड्यांच्या शेडमागं होतीस. तो मुलगा बुडताना यांनीच पाहिला, हेच अंगावरच्या कपड्यांनिशी गेले, यांनीच त्याला केसाला धरून ओढून आणला आणि धक्क्यावर पालथा घालून पाणी काढलं. तू आलीस तेव्हा पोरगं खोकत होतं. चौकशीत तू म्हणालीस, मास्तर नावेत झोपले होते, मी आरडाओरडा केला तेव्हा उठले. मालकांच्या मुलानं मान डोलावली. मग उथळ कडेला लहानग्यांना कोण शिकवत होतं, हे कुणी विचारलं नाही. यांनी तोंड उघडलं नाही. घरी येऊन मला म्हणाले, पोरगं वाचलं ना, झालं तर मग. खरं बोललो तर मालक तिला सून करून घेणार नाहीत, गावभर तोंड दाखवायची सोय राहणार नाही. तू हे कुणाजवळ बोलायचं नाहीस. नाही बोलले. हे होते तोवर नाही बोलले.

त्यानंतर यांना कुणी पाण्याजवळ उभं केलं नाही. एका गोदामावर पहारेकरी झाले. तिथं खुर्ची होती, पण हे पाळीभर उभे राहायचे. पाय भोपळ्यासारखे सुजायचे. मी म्हणायची, अहो, बसलात तर आभाळ कोसळणार आहे का? म्हणायचे, बसलो की डोळा लागेल, आणि मग लोक म्हणतील, बघा, म्हणत नव्हतो? सुटीच्या दिवशी दुपारीसुद्धा हा माणूस आडवा झाला नाही. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं तर ते गालात धरून ठेवायचे आणि माझी पाठ वळली की थुंकायचे. हा तुझा घोरेमास्तर.

मंगळवारी माझ्या मनात काय काय आलं ते विचारू नकोस. पुस्तकांत बायका विष कालवतात, माझ्या हाताशी तर सगळं शिबिर जेवतं. पण पोरीच्या पानात मीठही जास्त पडू दिलं नाही. माझं भांडण तिच्याशी नाही. मग तिला जवळ बसवून सगळं सांगून टाकावं असंही वाटलं. तशी संधी तूच करून दिली होतीस: तिचा कान दुखतो, पाण्यात उतरवू नये, अशी तुझी चिठ्ठी तिच्या बॅगेत होती. कान ठणठणीत आहे तिचा. पण काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या भरवशावर तू तुझी नात सोडणार नाहीस, हे मला पटलं. काठावरची माणसं काय करतात हे तुझ्याइतकं कुणाला माहीत! तर बाकीची पोरं पोहायला गेली की टकळी माझ्याकडे स्वयंपाकघरात. बटाटे सोलते, जाड सालं काढते, आणि तोंड एक क्षण बंद नाही. दोन दिवस ती माझ्यासमोर बसली आणि मी बोलले नाही. शब्द ओठांवर यायचा आणि यांचा तो सुजलेला पाय आठवून मी आणखीच गप्प व्हायची. राग एवढा होता की कुठल्या टोकाला धरून ओढावा ते कळेना.

टोक तिनंच हातात दिलं. रविवारी समारोप असतो, प्रत्येक खोलीनं पालकांसमोर काहीतरी करायचं. टकळीच्या खोलीनं घोरेमास्तरांचं नाटक घेतलं. मास्तर अर्थात तीच. गुरुवारी तालीम चालली होती आणि बुडणाऱ्याचं काम करणारी पोरगी, छोटीशी, चष्मेवाली, अडून बसली. म्हणाली, मी किती वेळ बुडत राहू? मला बाहेर कोण काढतं? मास्तर तर पळून गेले! टकळी तरातरा माझ्याकडे आली. मावशी, त्या मुलाला कोण काढतं? आजी ते सांगतच नाही, तिथं आली की म्हणते झोपा आता.

मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, मास्तरांनी काढलं. ती म्हणाली, पण ते झोपले होते ना? म्हटलं, झोपलेला माणूस पोहतो का गं? ती म्हणाली, मग मास्तर जागे होते? जागे होते. मग आधीच का नाही धावले? कारण ते दुसरीकडे लहान मुलांना शिकवत होते. त्या बाजूला बघायचं काम शिट्टीवाल्या बाईंचं होतं. आणि त्या कुठं होत्या? शेडमागं. का? ते त्यांनाच विचारावं लागेल, म्हटलं. तिचे डोळे एवढाले झाले. मावशी, म्हणजे त्या बाईंनी खोटं सांगितलं? आणि मास्तरांनी ऐकून घेतलं? मी म्हटलं, हो बाळा. मला वाटलं रडणार. पण नाही. धावत गेली आणि अख्खं नाटक फिरवलं. मास्तरांचं काम चष्मेवालीच्या मैत्रिणीला देऊन टाकलं. आता सगळ्यात भारी काम शिट्टीवालीचं आहे, म्हणाली, ते मी करणार.

काल मी तालीम पाहिली. बाई शेडमागून केस नीट करत येते, पोरगं खोकताना बघते आणि तेव्हा कुठं शिट्टी फुंकते. तुझी नात मान उडवत येते, अगदी तुझ्यासारखी, आणि तिला ते ठाऊक नाही. मास्तर भिजलेले, थरथरत उभे. या वेळी कुणी हसत नाही. मग सगळ्या जणी बाईंभोवती गोल करतात आणि विचारतात, तुम्ही खोटं का सांगितलंत? इथं नाटक अडलंय. बाई काय उत्तर देते ते टकळीला सुचत नाही. मला विचारलं, मी म्हटलं, मला कसं माहीत असणार? तेव्हा तीच म्हणाली, हे इथंच घडलं ना? आजीही तरुणपणी इथंच कामाला होती, तिनं त्या बाईंना नक्की पाहिलं असेल! रविवारी आजी आली की नाटकाआधी तिला विचारून घेते.

मी नाव सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. पोरीचा जीव दुखवणारी मी कोण? ते काम तुझं. मी दुष्ट आहे असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, हे असते तर त्यांनी मला पत्र लिहू दिलं नसतं, हेही मला माहीत आहे. पण हे नाहीत. पत्र भाजीच्या गाडीवाल्याबरोबर पाठवतेय, तो शहरात तुझ्या दारात देईल. माफी मागायला येऊ नकोस, मला ती नको. रविवारी चार वाजता ये. तुझी खुर्ची पहिल्या रांगेत आहे, मीच मांडून घेतली. नाही आलीस तर पोरगी फाटकाशी उभी राहील, सगळ्यांचे पालक येताना बघेल आणि घरी आल्यावर विचारेल. ती विसरणारी नाही, तूच वाढवलीस तिला. तेव्हा येताना उत्तर ठरवून ये. तुझी नात ते पाठ करेल आणि सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात, तुझ्या वतीनं म्हणेल.

तुझीच,
मास्तरीण