शंभरावर अडकलेला काटा

कोडोली,
३ डिसेंबर २०२४

चि. निशिगंधा हिला आईचा आशीर्वाद.

पत्र डब्यात भाकरीवरच ठेवलंय. आमटीत भिजलं तर एसटीवाल्याला शिव्या घाल, मला न्हाय. तुमच्या क्लासवाल्यांनी फोन कुलपात घातलेत, म्हणून माझ्यावर ही पाळी. सातवीनंतर पेन धरलं न्हवतं.

आपल्या गुऱ्हाळाचं ऐक. पिराजी गुळव्याचा पाय मोडलाय. जन्मभर नुसत्या नजरेनं गुळाची काहील उतरवली गड्यानं, आता खाटेवरनं हाका मारतोय. तुझा चुलतभाऊ कृष्णात म्हणला, थर्मामीटर आणू, काटा एकशे अठराला गेला की काहील उतरवायची. आणलं. रस तापला, काटा भराभर शंभराला गेला आणि तिथंच बसला! चिपाडं घालून घालून चुलवाण लाल केलं, काटा ढिम्म. मेलंय म्हणून मी उपसून फेकलं. मग अंदाजानं उतरवायला गेले, तवर गूळ करपला. काळा कुळकुळीत.

आता तुझं. बारावी तोंडावर आली, चाचण्यांवर चाचण्या झाल्या, मार्क तिथल्या तिथं. परवा उष्णतेच्या गणितात तर भोपळाच. इथं हात कमी पडत्यात आणि तू तिथं बसून काय करतीस? तुझ्या तात्यास्नी सांगितलंय, रविवारी मी तुला न्यायला येते. वळकटी बांधून ठेव. रडायचं न्हाय.

लोभ हायच, डबा तेवढा घासून पाठव.

तुझी आई


कोल्हापूर,
४ डिसेंबर २०२४

ती. आईस निशिगंधाचा शि. सा. न.

वि. वि. आमटी सांडली नाही, फक्त तुझी सही पिवळी झाली. पण पत्र वाचल्यावर डबा बाजूला सारला आणि आधी हे लिहायला घेतलं.

आई, थर्मामीटर चांगलं होतं. तू जी चूक केलीस, तीच करून मी भोपळा आणला. प्रश्न असा होता, शून्य अंशाच्या एक किलो बर्फाची पूर्ण वाफ करायला किती उष्णता लागेल? मी शून्य ते शंभर अंशांचे शंभर किलोकॅलरी लिहिले आणि उठले. बर्फ वितळताना काटा हलत नाही, पाणी उकळतानाही हलत नाही, मग मला वाटलं तिथं उष्णता लागतच नाही. लागते की! वितळायला ऐंशी आणि वाफ व्हायला पाचशे चाळीस. माझे शंभर धरून एकूण सातशे वीस. सगळ्यात जास्त जाळ काटा हलत नाही तिथंच जातो.

उसाचा रस म्हणजे बहुतेक पाणीच. ते वाफ होऊन जाईपर्यंत काटा शंभराच्या आसपासच रेंगाळणार. पाणी आटलं की वर पळेल, तेव्हा मात्र नजर काढू नकोस. थर्मामीटर शोध, धू आणि पुन्हा लाव.

आणि मला न्यायला येऊ नकोस. मला हे आत्ता कुठं कळायला लागलंय. कांदा जरा बारीक चीर म्हटलं तर रागावशील, म्हणून म्हणत नाही.

लोभ धर, वळकटीचा नाद सोड.

तुझी निशी


कोडोली,
६ डिसेंबर २०२४

चि. निशीला आशीर्वाद.

थर्मामीटर चिपाडाच्या ढिगात गावलं. काल लावलं. पुन्हा शंभर, पुन्हा ढिम्म! माझा हात नुसता शिवशिवत होता. उपसायचं का म्हणून कृष्णातनं दोनदा विचारलं, त्याला गप बशीवलं. काट्याकडं बघून जीव जायला लागला, तशी मी काहिलीच्या कडंला बघाया लागले. रस मगाशी वरपतोर होता, तो वीतभर खाली गेलता. वाफ आढ्याला लागलेली. म्हंजे जाळ वाया जात न्हवता. मग एकाएकी काटा सुटला, एकशे दहा, एकशे पंधरा. अठराला मी अशी बोंबलले की रस्त्यावरची माणसं थांबली. काहील उतरवली. गूळ पिवळाधमक! पिराजीनं खाटेवर खडा चघळला आणि नाव ठेवलं न्हाय. त्याच्या तोंडून ती शाबासकीच.

रविवारी येणार म्हणजे येणारच. पण वळकटी सोड. नव्या गुळाची ढेप आणते, पोरीस्नी वाटून खा. मार्क हलले न्हाईत तरी सांगायचं, लपवायचं न्हाय. आणि नुसत्या काट्यावर मी आता जाणार न्हाय. रोज सोडवलेल्या गणितांचा कागद रिकाम्या डब्यात घालून पाठव. मला त्यातलं एक अक्षर कळणार न्हाय, पण रस किती खाली गेला तेवढं दिसंल.

लोभ ऱ्हाऊ दे. कांदा जाडच मिळंल.

तुझी आई