कोस केवढा?

कार्तिक शुद्ध १०, शके १७९३

ग्वाल्हेरचं पत्र आलं. व्याह्यांच्याच हातचं. इकडून वाचून दाखवणं झालं — चि. ठकूबाई खुशाल. बस्स, एवढंच! जावई भाद्रपदात जरीमरीनं गेले. पंधरा वर्षांची पोर केस काढून कोपऱ्यात बसलेली, आणि म्हणे खुशाल. ठकूला अक्षर मी शिकवलंय. तिच्या हातची एक ओळ नाही. म्हणजे लिहू देत नाहीत.

म्हटलं, जाऊन घेऊन यावं तिला. "इथे आणून काय करायचं? ती आता तिकडची." असं बोलून वर दोनदा भात मागून घेणं झालं.

कार्तिक शुद्ध ११

मग मीच जाते. लिहायला किती सोपं.

कार्तिक वद्य २

आगगाडीचं नाव नको. खांडव्यापर्यंत जाते म्हणे, पण इकडची स्वारी कल्याण स्टेशनात तारमास्तर. तिकीट देणारा दर रविवारी आमच्याकडे पोहे खातो. डब्यात पाय ठेवायच्या आत घरी निरोप यायचा.

तेव्हा सडकच. आग्र्याची सडक ग्वाल्हेरावरून जाते, हे ठकूच्या लग्नात वऱ्हाड्यांच्या तोंडून ऐकलं होतं. मीठ विकायला येते त्या आवडाबाईला विश्वासात घेतलं. ती शहाडच्या तरीवरून, होडीनं नदी ओलांडून येते. म्हणाली, "शहारच्या तरीवर गारीवाले उतरतात, बाय. त्यांना इचारते मी."

कार्तिक वद्य ९

आवडाबाई पाठ करून आली. राघो नावाचा गाडीवान आहे, नाशिकचा. शहाड, पडघे, शहापूर, कसाऱ्याचा घाट, नाशिक. मी विचारलं, पुढे? "पुरं त्याला नाय म्हाईत." ज्याला त्याला आपलाच तुकडा ठाऊक. सबंध वाट या कल्याणात एकालाही माहीत नाही.

ठीक. तुकड्या-तुकड्यानं जमवू. तारेच्या जुन्या कागदांची मागली बाजू कोरी असते, ते तीन घेतले. एक इंग्रजी मुलखाचा, एक होळकरांचा, एक शिंद्यांचा. मिठाच्या रांजणाखाली ठेवते. तिथे इकडचा हात सात जन्मांत जायचा नाही.

कार्तिक वद्य १२

राघो म्हणतो नाशिक अडतीस कोस. दुसरा म्हणतो पन्नास. तरीवर दोघे भांडले म्हणे. मग डोक्यात प्रकाश पडला — कोसच वेगळे! राघोचा कोस सडकेच्या दोन मैलांचा. दुसऱ्याचा म्हणजे गाईचं हंबरणं ऐकू येईल तेवढा. बहिरा असला तर संपलंच! आवडाबाईला बजावलं, आधी विचारायचं, तुझा कोस केवढा?

ठकू आठवली. सहा वर्षांची असेल. उंबऱ्यावर बसून आवडाबाईचं मापटं उलटंसुलटं करायची. मीच शिकवलेलं — आधी माप केवढं ते बघ, मग भाव विचार. पुढे ज्याला त्याला तेच. भटजींनी विचारलं, कितवं वर्ष गं तुला? तर म्हणे, आधी तुमचं वर्ष केवढं ते सांगा! हसून हसून पुरेवाट झाली होती. आज मात्र लिहिता लिहिता रडले.

मार्गशीर्ष शुद्ध ८

मालेगाव, धुळं, शिरपूर. इंग्रजी मुलखाचा कागद भरला. होळकरांच्या कागदावर सेंधवा, महू, इंदूर, देवास. सेंधव्याच्या घाटात गाड्या जथ्यानंच जातात, एकट्या बाईला कुणी बरोबर घेत नाही.

मार्गशीर्ष वद्य १

शिंद्यांचा कागद कोराच. देवासापुढे गेलेला माणूस तरीवर उतरतच नाही.

मार्गशीर्ष वद्य ६

ग्वाल्हेरचं पत्र नाही. महिन्याचं पत्र कधी चुकत नव्हतं.

मार्गशीर्ष वद्य ११

आज सगळे कोस एका मापाचे करून पाहिले. इंदूरपर्यंतच पावणेदोनशे. रोजचे पाच धरले तर पस्तीस दिवस, आणि इथे तळ्यावरून एक कळशी आणली तर माझा गुडघा धरतो. समजा, पोचले. व्याही दार उघडतील? उघडलं तरी ठकूला पुढे येऊ देतील? आणि आणायचं कुठे, याच घरी? कुठल्या तोंडानं मी कोस मोजत बसले आहे!

आवडाबाई म्हणाली, "रडू नको बाय, मिठाला पानी सुटंल." रांजणाकडे बघून म्हणाली मेली. मला हसू आलं, आणि हसू आल्याचाच राग आला.

पौष शुद्ध ४

पत्र नाही. इकडे विचारलं. "नसेल काही विशेष." गेली का माझी पोर? आणि हे मला सांगत नाहीत?

पौष शुद्ध ९

म्हसा गावच्या जत्रेला माळव्याचे बैलवाले येतात. पुनव झाली की परत फिरतात. आवडाबाईबरोबर जत्रेला जाते असं इकडे सांगितलं, दोन दिवसांची परवानगी झाली. जत्रेतून त्यांच्या मागे लागायचं. ते नेतील असं वाटत नाही. ठकू जिवंत असेल असंही आता वाटत नाही. तरी गाठोडं बांधलं. दोन लुगडी, दशम्या, तिन्ही कागद.

पौष शुद्ध १३

जत्रेला निघालेला एक बैलवाला आवडाबाईनं मागल्या दारी आणून उभा केला. शिंद्यांचा कोरा कागद हातात घेऊन मी विचारलं, ग्वाल्हेर किती कोस? पण आधी तुमचा कोस केवढा ते सांगा.

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "बाईसाहेब, दीड महिन्यामागं शिंद्यांच्या मुलखात, गुणा गावच्या सराईत एक पोरगी भेटली. विधवेचं आलवण नेसलेली. यात्रेकरणींच्या संगतीनं ग्वाल्हेराहून साठ कोस चालत आलेली. कल्याणची वाट विचारून कोळशानं फडक्यावर लिहून घेत होती. तिनंही अगदी हेच विचारलं."

गाठोडं सोडलं. आता मी कुठेही जायचं नाही. दार उघडायला घरात मी हवी.