चौथी गोळी

घनसावंगी,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

ती. साधनाताई यांस,

दैवशालाचा नमस्कार. आईंचे गुडघे थंडीनं कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. शीतलची सहामाही झाली, गणित सोडून सगळ्यात बरी आहे. दाजींची सर्दी गेली का? तुमच्या भावाचं खाली लिहिते.

घरात फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहिते, असं तुम्हाला वाटेल. ताई, दोन खोल्यांचं घर आणि मध्ये पत्र्याची भिंत. गेल्या सोमवारपासून हे दुकानात जात नाहीत, दिवसभर पलंगावर. मी नुसतं ‘हॅलो’ म्हटलं तरी आतून विचारतात, ‘कुणाचा हाय?’ आणि बाहेरून आई विचारतात, ‘कुणाचा गं?’ मी उठले की शीतल उठते. एकटीनं जायची माझी जागा एकच उरली, पिठाची गिरणी, आणि इथे चक्कीच्या आवाजात फोन ऐकू येत नाही. आज गर्दी आहे, माझ्या पुढे नऊ डबे आहेत. डब्याच्या झाकणावर वही ठेवून लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घ्या. महेबूबभाईंची जीप पाचला सुटते. पाकीट त्यांच्या हातात देईन, ते उद्या सकाळी जुन्या जालन्यात दाजींच्या दुकानावर आणून देतील.

ह्यांची जखम भरत आली आहे. कपाळाचे टाके परवा काढले. खातात-पितात, पण तोंड पाडून बसतात. दुकानाला आठ दिवस कुलूप आहे, त्यात शेतकऱ्यांचे पीकविम्याचे फॉर्म भरायचे दिवस गेले. नाही तरी बंद आहे हेच बरं. मागच्या महिन्यात मैमूनाबींच्या रेशनकार्डाच्या फॉर्मवर ह्यांनी डुलकीत त्यांच्या नवऱ्याचं नाव वडिलांच्या रकान्यात टाकलं. त्या बिचाऱ्या हसून म्हणाल्या, ‘हरिओमभाई, मेरा निकाह तोड दिये तुम तो.’ सगळे हसले, हेही हसले. घरी आल्यावर मात्र जेवले नाहीत.

भाऊबीजेचं तर तुम्ही स्वतःच पाहिलंत. तुम्ही ओवाळत होतात आणि हे पाटावर बसल्या बसल्या झोपले. आई कौतुकानं म्हणाल्या, ‘निवांत हाय माझा हरिओम, घरची झोप हाय ती.’ तुम्ही ताट खाली ठेवलंत आणि माझ्यामागे चुलीपर्यंत आलात. ‘दैवशाला, किती दिवसांपासून चालू हाय हे?’ मी म्हणाले, दिवाळीच्या धावपळीनं थकलेत. तुम्ही ते मानलं नाहीत. जालन्याच्या डॉक्टरांकडे नंबर लावलात, झोपेच्या तपासणीच्या रात्री मला आणि ह्यांना दवाखान्यात पोचवून मगच घरी गेलात. तुमचे उपकार मी विसरले नाही. विसरता आले असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

सकाळी डॉक्टरांनी मला एकटीला बसवून कागद समजावला, तेव्हा तुम्ही नव्हता. झोपेत ह्यांचा घसा ढिला पडून श्वासाची वाट बंद होते, तासाला सेहेचाळीस वेळा. जीव घाबरा होऊन झोप मोडते, ह्यांना कळतही नाही. आणि ज्याला फिट येते त्याची झोप अशी मोडत राहिली की फिट वाढते. इतकी वर्षं आपण फिटच्या गोळ्या वाढवत गेलो, गोळ्यांनी अंग सुटलं, मान भरली, घोरणं वाढलं, आणि फिट होती तिथेच राहिली. डॉक्टर म्हणाले, एक बाजू आपण बघितलीच नाही.

ताई, मला त्या दिवशी काय लागलं सांगू? लग्नापासून मी ह्यांच्या घोरण्यावर कान ठेवून झोपते. आवाज चालू आहे तोवर माणूस ठीक आहे, असा माझा हिशोब. मधेच घोरणं थांबायचं, सगळं गप्प व्हायचं, तेव्हा मी म्हणायचे, चला, आता खरी शांत झोप लागली. मीही कूस बदलून डोळे मिटायचे. डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवलं तेव्हा कळलं, तेच ते. ते गप्प होणं म्हणजे श्वास अडकणं. बारा वर्षं मी त्या गप्प होण्यावर विसावले.

पुढे त्यांनी गोळ्या विचारल्या. रात्री किती? मी म्हणाले, तीन. त्यांनी लिहून घेतलं आणि पुन्हा विचारलं, झोपेची, गुंगीची आणखी काही देता का? तशी गोळी असली तर घसा जास्त ढिला पडतो, म्हणून विचारतो. मी म्हणाले, नाही.

श्वासाची वाट उघडी राहावी म्हणून झोपताना नाकावर नळी लावून हवा सोडणारं मशीन त्यांनी लिहून दिलं. ते सात तारखेला, शुक्रवारी घरी आलं. ह्यांनी आरशात बघून स्वतःलाच ‘गणपती’ म्हटलं, शीतल पोट धरून हसली. आईंना ते पहिल्यापासून पटलं नाही. ‘नळी लावून झोपतंय ते दवाखान्यातलं माणूस. घरात कशाला ते?’ पण दोन रात्री, ताई, घरात घोरणं नव्हतं आणि अडकणंही नव्हतं, नुसता पंख्यासारखा बारीक आवाज. रविवारी सकाळी हे आपणहून उठले, आपणहून चहा मागितला आणि शीतलला गणित घेऊन बसले. चेहरा असा होता की मला लग्नातले हे आठवले.

गेल्या सोमवारी सकाळी नळावर दात घासताना मोठी फिट आली. दगडी पायरीवर कपाळ आपटलं. शेजारचे तातेराव ‘कांदा आणा, कांदा आणा’ करत धावले, आई चप्पल घेऊन धावल्या. मी ह्यांना कुशीवर वळवलं, बाकी काही करता आलं नाही. इतकी मोठी फिट चार वर्षांत आली नव्हती.

शुद्धीवर आल्यावर हे पहिलं काय म्हणाले माहीत आहे? ‘मशीन आल्ती अन् फिट आली. बिलकुल सोसंना मला ती.’ आईंनी त्याच दुपारी मशीन जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटावर ठेवलं. येत्या गुरुवारी डॉक्टरांकडे जायचं आहे, तेव्हा ते परत करायचं, असं दोघांनी ठरवून टाकलं आहे. तुम्ही फोनवर मला विचारलंत, ‘मशीनमुळंच झालं का गं? डॉक्टर तर म्हणून राह्यले तसं होत न्हाई. एखादी गोळी चुकली का?’ पत्र्याच्या पलीकडे हे ऐकत होते. मी म्हणाले, गोळी न्हाई चुकली ताई. मशीनमुळंच असंल.

इथवर तीन वेळा खोटं झालं. डॉक्टरांशी एकदा, तुमच्याशी दोनदा. आता लिहिते.

रात्रीच्या गोळ्या तीन नाहीत, चार आहेत.

जुन्या डॉक्टरांनी एक गोळी जपून ठेवायला दिली होती. लागोपाठ दोन फिट आल्या तरच द्यायची, एरवी नाही. अडीच वर्षांपूर्वी, शीतलला टायफॉइड झाला तेव्हा, मी अकरा रात्री धड झोपले नव्हते. एकीकडे ती तापानं बडबडायची, दुसरीकडे ह्यांचा हात झटकला तरी मी उठून बसायचे. बाराव्या दिवशी गॅस चालू ठेवून मी देवळात निघून गेले. आईंनी वेळेवर बघितलं म्हणून घर राहिलं. त्या रात्री मी त्या गोळीची अर्धी ह्यांच्या तीन गोळ्यांसोबत दिली. हे दगडासारखे झोपले. ना हात झटकला, ना दात वाजले. मी सकाळी साडेसहाला उठले, ताई. साडेसहाला! कोंबडा, नळ, दूधवाला, काही ऐकू आलं नाही. अशी झोप मी माहेरी झोपले असेन.

दुसऱ्या रात्री परत अर्धी दिली, कारण नव्हतं. महिन्याभरात अर्धीची एक झाली. जुनी चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाला देतो, आता तर चिठ्ठीही मागत नाही. मी स्वतःला सांगत राहिले की फिट कमी झाल्या, ह्यांच्याच भल्याचं आहे. पण तुम्हाला खोटं लिहिणार नाही. ती गोळी ह्यांच्यासाठी नव्हती, मला झोपायचं होतं म्हणून होती.

आणि ह्यांना ती लपवून द्यावी लागली नाही, हे सगळ्यात वाईट. दुधात मिसळली नाही, कुटून दिली नाही. तळहातावर ठेवते, हे पाण्याबरोबर घेतात. तीन आहेत की चार, ह्यांनी अडीच वर्षांत एकदाही बघितलं नाही. माझ्या हातातलं हे मोजत नाहीत.

डॉक्टर गुंगीच्या गोळीचं बोलले ते माझ्या डोक्यातून जाईना. मशीन आलं त्याच रात्री मी चौथी गोळी बंद केली. कुणाला न सांगता सुरू केली होती, कुणाला न सांगता बंद केली, म्हटलं मिटलं. अशी गोळी एकदम सोडली तर फिट उसळून येते, हे मला माहीत नव्हतं. टाके घालून आणलं त्या दिवशी मी औषधाच्या पाकिटातला बारीक कागद चष्मा लावून वाचला, तेव्हा कळलं. संध्याकाळी परत चार दिल्या.

म्हणजे आता बघा कसं झालंय. गोळी चालू आहे आणि मशीन कपाटावर आहे. ह्यांचा श्वास अडकवणारं सगळं घरात आहे आणि सोडवणारं लुगड्यात बांधून ठेवलंय. मी रात्री ह्यांना कुशीवर वळवते, पाठीशी उशी लावते, गप्प झाले की हलवते. बंद करावी तर फिट, चालू ठेवावी तर घसा.

तुम्ही म्हणाल, मग आजच नवऱ्याला सांग. ताई, मी सांगायला दोनदा तोंड उघडलं. पण मी ह्यांना ओळखते. आज सांगितलं तर आज रात्री हे माझ्या हातून एकही गोळी घेणार नाहीत. चौथी नाही आणि तीनही नाहीत. आईंनी दिल्या तरी म्हणतील, तिनेच ठेवलेल्या आहेत. मग गुरुवारपर्यंत काय होईल ते माझ्याच्यानं लिहवत नाही. डॉक्टरांना फोन करावा तर तो काउंटरवरचा माणूस उचलतो, आणि इकडे पत्र्याची भिंत आहे. तेव्हा गुरुवारीच सांगायचं, डॉक्टरांच्या समोर, ह्यांच्या समोर.

पुढे तीनच डबे राहिले. थोडक्यात लिहिते.

माझी सोयरीक ठरली तेव्हा तुम्ही एकट्याच आमच्या शेतात आल्या होतात. मी कापूस वेचत होते. तुम्ही म्हणालात, ‘पोरी, त्याला फिट येते. तुला सांगायचं न्हाई म्हणून घरच्यांनी शपथ घातलीय. तू न्हाई म्हण, मी सांभाळून घेते.’ मी हो म्हणाले ते ह्यांना बघून नाही, तुम्हाला बघून. वाटलं, ज्या घरात एक तरी माणूस खरं बोलतं तिथे राहता येईल. तुम्ही तुमच्या भावाचं खरं मला सांगितलंत, म्हणून मी त्याच्याशी केलेलं खोटं पहिल्यांदा तुम्हाला सांगते आहे. मला माफी मागायची नाही. तुम्ही ‘असू दे गं’ म्हणाल म्हणून तर फोन केला नाही.

तीन गोष्टी मागते. उद्या पत्र वाचलंत की दवाखान्यात स्वतः जाऊन डॉक्टरांना चौथ्या गोळीचं नाव सांगा. ते नाव ह्या पाकिटात टाकलेल्या, गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपवर आहे. गुरुवारपर्यंत कसं करायचं ते विचारा. त्यांनी आजच्या आज आणा म्हटलं तर जीप करून या, आम्ही तयार असू. मला फोनवर फक्त ‘येते’ म्हणा.

दुसरं, मशीन परत करू देऊ नका. ह्यांनी कितीही हट्ट केला, आई कितीही रडल्या, तरी नाही. त्या मशीनचा काही दोष नाही. ह्यांची ती रविवारची सकाळ मी पाहिली आहे.

आणि मी सांगेन तेव्हा तुम्ही ह्यांच्या शेजारी बसा, माझ्या शेजारी नको. ह्यांनी पुढे माझ्या हातून पाणीसुद्धा घेतलं नाही तरी ह्यांना समजावायला जाऊ नका. आपल्या गोळ्या हे स्वतः मोजून घेऊ लागले, तर मला ते बघायचं आहे.

आज, उद्या आणि परवा रात्री तुमच्या भावाच्या तळहातावर चार गोळ्या ठेवणारी,

दैवशाला