बंद गाडीचं स्टिअरिंग

१२ जानेवारी

दवाखान्यात खोली मिळाली! मुलांशी निवांत बोलायला, त्यांच्या मनातलं ऐकायला स्वतंत्र खोली. कुठली, तर लसीकरणाची!! ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली त्याचे पाय धरावेत.

सकाळपासून तिघं आली. एकानं दारातच भोकाड पसरलं. दुसरी आईच्या मागे लपली ती लपलीच. तिसरा चांगला मिसरूड फुटलेला, झोप लागत नाही, छातीत धडधडतं म्हणून आलेला. आत आला, गुपचूप बाही वर केली आणि म्हणाला, "कुठल्या दंडावर?" म्हटलं, बाबा रे, नुसतं बोलायचंय. तर तो आणखीच घाबरला.

समुपदेशनाच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, मुलाला सुरक्षित वाटेल अशी जागा निवडा. माझ्या खुर्चीच्या मागे भिंतीवर हातभर सुईचं चित्र आहे.

१४ जानेवारी

काखेत कळसा! मागच्या आवारात जुनी अँब्युलन्स उभी आहे. इंजिन कायमचं बसलंय, म्हणून नवी आली. ही तशीच, पिंपळाच्या पानांनी भरलेली. आज तो मिसरूडवाला पुन्हा आला, पण खोलीत यायला तयार नाही. शोधला तर हा पठ्ठ्या अँब्युलन्सच्या स्टिअरिंगवर! मीही मुकाट्यानं शेजारच्या सीटवर जाऊन बसले. तो समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत राहिला आणि बोलायला लागला. परीक्षेचं, बापाच्या ओरडण्याचं, सगळं. माझ्याकडे एकदाही न बघता! समोरासमोर बसवून डोळ्यांत बघणारी मी किती शहाणी...

ड्रायव्हरची मात्र तणतण. त्याचा या गाडीवर बायकोपेक्षा जास्त जीव. "सिस्टर, ही गाडी आहे, बाग नाही." शेवटी तयार झाला, पण अटी घालूनच. चपला बाहेर. गियरशी खेळायचं नाही. मागचं दार लावल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. बंद गाडीचे नियम! मी हसले तर रागावला. मग संध्याकाळी बघते तर काचा पुसून लख्ख केलेल्या.

१९ जानेवारी

आज आली ती नवी मुलगी. अकरा वर्षांची. तोंडात काहीतरी साठवल्यासारखी गाल फुगवून बसते — मी मनातल्या मनात नाव ठेवलं, खारूताई. मागच्या वर्षीच्या सुट्टीनंतर शाळेत एक शब्द बोललेली नाही. शाळेत नाही, दुकानात नाही, शेजारी नाही. घरी मात्र बोलते, आईशी.

आई म्हणजे तोफखाना. मुलीला काही विचारलं की उत्तर आईचं. "हट्टी आहे हो. लहानपणी नुसती टकळी चालायची हिची! मागच्या सुट्टीत मी बहिणीच्या बाळंतपणाला गेले, परत आले तर ही अशी."

मुख्याध्यापिका सोबतच आल्या होत्या. त्यांचं म्हणणं सरळ आहे. वर्गात बोलत नाही, वाचून दाखवत नाही, तोंडी परीक्षा देत नाही, म्हणजे बुद्धी कमी. पुढच्या वर्षी ठेवता येणार नाही. मतिमंद मुलांच्या वसतिगृहात पाठवू, ते लांब, डोंगरापलीकडे. दर दोन महिन्यांनी येणारे मनाचे डॉक्टर मार्चमध्ये तपासतील, ते म्हणतील ते शेवटचं.

बाई हे सगळं त्या पोरीसमोर बोलल्या. जणू तिला कानही नाहीत! तिचा हात आईच्या हातात पांढरा पडला होता. मला इतका राग आला की चहा तसाच गार झाला.

२२ जानेवारी

खारूताई स्टिअरिंगवर. मी शेजारी. एक शब्द नाही. मीही नाही. मला गप्प बसायला लावणं हीसुद्धा केवढी कमाल — नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "त्या मुलीला आपल्या घरी पाठव."

२७ जानेवारी

हॉर्न!!

चुकून तिचा कोपर लागला आणि अख्खं आवार दणाणलं. (ड्रायव्हर बॅटरी अजून चार्ज करून ठेवतो, वेडा कुठला.) ती दचकली, मग गालात हसली. मी म्हटलं, हो असेल तर एकदा वाजव, नाही असेल तर दोनदा. भूक लागलीय? दोनदा. शाळा आवडते? स्टिअरिंगवरून बोट फिरवत राहिली. मग एकदा. लांब.

शाळा आवडते! आणि हिला शाळेतून काढायला निघालेत.

५ फेब्रुवारी

हॉर्नमुळे दवाखान्यात दंगल व्हायची बाकी आहे. बाहेर रांगेतले पेशंट आता अर्थ लावत बसतात. एक आजोबा म्हणाले, "आज 'नाही'च फार चाललंय, बिनसलंय वाटतं." कंपाउंडर वैतागलाय. ड्रायव्हर तक्रार करायला आला, पण बॅटरी बदलून गेला.

मनाच्या डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, कशामुळे गप्प झाली ते कळत नाही, आईला खोदून विचारू का? ते म्हणाले, "खणू नका. शेजारी बसा. सांगावंसं वाटलं तर सांगतील." शेजारी बसा! मला तर कुलूप दिसलं की किल्ली हवी असते.

१३ फेब्रुवारी

बोलली. बोलली. बोलली!!!

खेळ असा चालला होता — ती ड्रायव्हर, मी पेशंट घेऊन निघालेली सिस्टर. मी रस्ता सांगत होते. आता माझं डावं-उजवं म्हणजे आनंद आहे, नवऱ्यानं लग्नानंतर पहिल्या महिन्यात नाद सोडला. म्हटलं, बाजारापाशी डावीकडे वळ. दोन हॉर्न. अगं वळ ना डावीकडे! दोन हॉर्न, पुन्हा दोन. म्हटलं, पेशंट जाईल ना माझा, घे डावीकडे!

"उजवीकडे! डावीकडे नदी आहे!"

घोगरा आवाज. बरेच दिवस बंद असलेल्या दारासारखा. मी नुसतं म्हटलं, "बरं, उजवीकडे घे," आणि समोर बघत बसले. ट्रेनिंगमध्ये हेच सांगितलं होतं, टाळ्या पिटू नका. ती गेल्यावर पाण्याच्या टाकीमागे जाऊन मी उड्या मारल्या. या वयात, या वजनात! ड्रायव्हरनं बघितलं. "सिस्टर, विंचू चावला का?"

१६ फेब्रुवारी

सगळ्यावर पाणी.

आईला आनंद आवरला नाही. सकाळी दोन माम्या, एक काकू, सगळ्यांना घेऊन फाटकात हजर. "बोल ना गं! बोलून दाखव ना सगळ्यांना!" पोरीचे गाल फुगले. हॉर्नलासुद्धा हात लावला नाही. मला राहवलं नाही. "पी हळद अन् हो गोरी, असं होत नसतं ताई! तमाशा आहे का हा?" आईचा चेहरा उतरला. म्हणाली, "तुम्हाला बोलायला काय जातंय? घरी गेल्यावर मला झोप लागत नाही." आणि मुलीला घेऊन गेली.

चुकलंच माझं. मुलीच्या शेजारी बसायला शिकले, आईच्या नाही.

२४ फेब्रुवारी

मायलेकी नाही आल्या.

२६ फेब्रुवारी

मीच गेले त्यांच्या घरी. आईची माफी मागितली. त्या तोफखान्यानं नुसता चहा दिला! निघताना मात्र खारूताईनं बाहेरपर्यंत येऊन माझी बाही ओढली. हळूच विचारलं, "गाडी आहे ना अजून?"

म्हटलं, आहे. कुठं जाणार? तुझी वाट बघत उभी आहे.

४ मार्च

आज डॉक्टर. आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तपासणीच्या खोलीत खारूताई, आई, मुख्याध्यापिका, मी. डॉक्टरांनी प्रेमानं विचारलं, नाव काय? गाल फुगले. बाई म्हणाल्या, "बघा. मी सांगत होते." आईनं डोळे मिटून घेतले. डोंगरापलीकडचं वसतिगृह दिसायला लागलं. मी ताडकन म्हटलं, "डॉक्टर, गाडीत चला."

बाईंना वाटलं मला वेड लागलं. डॉक्टर मात्र उठले. सहा फुटी माणूस वाकून मागे स्ट्रेचरवर बसला, बाई त्याच्या शेजारी पर्स सावरत. आई बाहेरच उभी राहिली. खारूताई स्टिअरिंगवर, मी शेजारी. बाईंनी घड्याळ बघितलं. मी खिडकीचं हँडल धरून ठेवलं, नाहीतर तोंडातून काहीतरी निघालं असतं.

तिनं आरशात बघितलं. मग:

"मागचं दार लावा. दार उघडं ठेवून गाडी सुरू करत नाहीत."

मुख्याध्यापिका उठल्या आणि त्यांनी मुकाट्यानं दार लावलं!

पुन्हा आरशात बघून ती डॉक्टरांना म्हणाली, "तुम्ही स्ट्रेचरवर आहात. काय होतंय?"

डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "गुडघा दुखतो."

"कधीपासून?"

"फार दिवस झाले."

"मग आधी का नाही आलात?"

बाई हसल्या. खरंखुरं, पर्स खाली पडेपर्यंत. डॉक्टर खाली उतरले आणि म्हणाले, "हिची बुद्धी कमी? ही माझी ओपीडी चालवेल. वसतिगृहाचं नाव काढू नका. शाळेत ठेवा, घाई करू नका, वर्गासमोर उभी करू नका." बाईंनी मान डोलावली. पूर्ण डोलावली, अर्धी नाही!

जिंकलो! ड्रायव्हरनं नवी अँब्युलन्स आणून उगाचच आवारात सायरन वाजवला. कंपाउंडरही काही बोलला नाही. आई तेवढी फाटकाला धरून रडत होती. आनंदाचं रडणं, मी समजले.

१० मार्च

शाळेतून निरोप. बाईंनी स्वतः पाठवला. हजेरीला "हजर" म्हणाली! हळू, पण म्हणाली. वर्गातल्या मुलांनी मागे वळून बघितलं नाही — बाईंनी आधीच तंबी देऊन ठेवली होती. देव करो आणि अशी तंबी सगळ्यांना मिळो.

१६ मार्च

गाडीसाठी आता रांग लागते. मिसरूडवाला त्याच्या मित्राला घेऊन आला. लसीकरणाची खोली मी लसीकरणाला परत केली, साभार!

१९ मार्च

खारूताईची आई आली. आज एकटीच. शेजारच्या सीटवर बसवायला गेले तर स्वतःच स्टिअरिंगवर बसली. काचेतून भिंतीकडे बघत म्हणाली —

"तिचं तोंड मी बंद केलं, सिस्टर. मागच्या वर्षी सुट्टीत मी बहिणीच्या बाळंतपणाला गेले नव्हते. मनाच्या दवाखान्यात होते. जगायचं नव्हतं मला. तिला माझी शपथ घातली होती, कुणाला काही सांगायचं नाही. काय सांगायचं नि काय नाही, पोरीला कळेना. मग तिनं सगळंच बंद केलं. काल रात्री तिला म्हटलं, सोडली शपथ, आता सांग सिस्टरना. तर म्हणाली, 'आधी तू सांग.'

म्हणून आलेय."