स्क्रीनवरचं कुंकू

जळगाव, सोमवार संध्याकाळ

आज पुन्हा कुंकू. आमचे मालक नाना पुण्याहून कोड लिहून देणारं आणखी एक एआय टूल घेऊन आले आणि नेहमीसारखं माझ्या स्क्रीनला हळद-कुंकू लावून पेढे वाटले. "आता हेच सगळं करेल." मागच्या टूललाही हेच म्हणाले होते. त्याचं कुंकू अजून कोपऱ्यात चिकटलेलं आहे, नाव मात्र कुणाला आठवत नाही. शिकायचं मी, त्याची घाण निस्तरायची मी, आणि आरती त्याची!

दुपारी आमचे गिऱ्हाईक, डाळमिलवाले आबा आले. त्यांचा चहा निवायच्या आत टूलने तूरखरेदीच्या बिलाचा प्रोग्रॅम लिहून एक बिल काढून दाखवलं. मला लगेच दिसलं, बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन दोनदा वजा होत होतं. म्हणजे प्रत्येक पोत्यामागे शेतकरी मार खाणार. सांगू का? नाही सांगितलं. होऊ दे नानांची फजिती, म्हटलं. आबांच्या नजरेतून मूठभर तूरसुद्धा सुटत नाही.

आबांनी बिल पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्यांनाही दिसलं, नक्की दिसलं. आणि हसले. "झकास शे. आसंच ऱ्हाऊ दे."

मग मात्र मला राहवलं नाही. "आबा, बारदान दोनदा कापलं जातंय."

"ती मशीननी चूक शे भाऊ, आपली थोडीच शे?"

आणि उठून, नानांच्या ताटलीतलं कुंकू घेऊन त्यांनी स्वतःच्या बोटाने माझ्या स्क्रीनला लावलं. वर हातही जोडले.