व्हिएन्नातला मफलरवाला

नोव्हाय, मिशिगन
१ मार्च

आदरणीय शशिकांतराव,

ईश्वरचा मनापासून नमस्कार. बॉथेलचा पाऊस आणि तुमचा डावा गुडघा दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आम्ही इकडे ठीक, म्हणजे ठीकच म्हणायचं. तुमची भाची हिमानी गेले अकरा दिवस माझ्याशी बोलत नाही. (सुवर्णाशी बोलते, मी फोन घेतला की तिकडचं नेटवर्क जातं.) सुवर्णा तुमची सख्खी बहीण, तेव्हा तिची बाजू तुम्हाला पोचली असणारच. म्हणून वस्तुस्थिती क्रमवार कळवतो.

हिमानीने आम्हाला व्हिएन्नाला बोलावलं, ‘एका माणसाला भेटायचंय’ म्हणून. विमानतळावर घ्यायला येते म्हणाली. मी साफ मनाई केली. पदवी नसताना, नुसत्या मायक्रोमीटरच्या जोरावर डेट्रॉइटच्या कारखान्यात तपासनीस झालेला माणूस मी. शहराचा नकाशा तीन आठवडे पाठ केला होता. मला मुलीने बोट धरून न्यायचं?

पहिला संशय स्टेशनातच आला. फाटक नाही, तिकीट बघायला माणूस नाही. जिथे कोणी अडवत नाही तिथे नक्की पकडतात, हा माझा अनुभव. भिंतीवर शिक्का मारायचं यंत्र होतं. बहात्तर तासांच्या तिकिटाला एकदाच शिक्का लागतो, हे मला नंतर कळलं; पण आमच्या कारखान्यात कुठलाही भाग प्रत्येक टप्प्यावर शिक्का घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. मी दिसेल त्या यंत्रात तिकीट घातलं. उलट्या दिशेच्या दोन गाड्या धरून एकंदर पाच शिक्के.

दुसरा संशय अधिक गंभीर. एक उंच तरुण, डोक्यावर टोपी, मफलर नाकापर्यंत, फक्त डोळे उघडे. विमानतळावर आमच्या मागे, भुयारी गाडीत आमच्या डब्यात, आणि उलट्या गाडीतून आम्ही उतरलो तर तोही उतरला! उलट्या गाडीत कोण शहाणा बसतो? ट्राममध्ये मी सुवर्णाला मराठीत सावध केलं. (परदेशात मराठी म्हणजे कुलूपबंद तिजोरी, खुशाल मोठ्याने बोलावं.) म्हटलं, पर्स पोटाशी धर, हा पाकीटमार आहे, चालीवरूनच कळतंय, आईबापांनी वळण लावलेलं नाही. त्याचे डोळे, बूट, बसण्याची तऱ्हा, सगळ्याचा अहवाल मी दिला. सुवर्णा म्हणाली, “अहो, हळू.” पण अपुरा अहवाल देणं माझ्या स्वभावात नाही.

तेवढ्यात साध्या वेशातला तिकीट तपासनीस उगवला. माझं तिकीट त्याने उजेडात धरलं, उलटं केलं. पाच शिक्के एकमेकांवर चढून तारीख वाचता येईना. तो काही बोलणार इतक्यात मफलरवाला पुढे झाला, जर्मनमध्ये दोन वाक्यं बोलला, आणि तपासनीस चक्क हसून निघून गेला. माझी खात्री पटली: दोघं मिळालेले आहेत.

पुढच्याच थांब्यावर सुवर्णाला ओढत उतरलो आणि टॅक्सी केली. ड्रायव्हर डावीकडे वळायचं सोडून उजवीकडे वळला. मी नकाशा त्याच्या नाकासमोर धरला. (तिथे एकेरी वाहतूक होती, हे मान्य.) मागे पाहतो तर दुसरी टॅक्सी, आत मफलर.

हिमानीच्या दाराशी दोन्ही टॅक्सी एकदमच थांबल्या. हिमानी खाली उभी होती. मफलरवाला उतरला, मफलर सोडला, वाकून सुवर्णाला नमस्कार केला आणि मला म्हणाला, “काका, पाकीट आहे ना जागेवर?”

हा प्रफुल्ल. नागपूरचा, तिकडे संशोधन करतो. भेटायचं होतं ते यालाच. बाबा मदत घेत नाहीत म्हणून हिमानीनेच त्याला दुरून लक्ष ठेवायला पाठवलं होतं. त्यापलीकडे ट्राममधल्या अहवालाबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. तो चहाबरोबर तुमच्या बहिणीने सांगितला, शब्दन् शब्द.

आता निवाडा तुम्ही करा. मिळालेल्या माहितीवरून माझा निष्कर्ष अचूक होता. माहितीच अपुरी पुरवली गेली. माफीचा प्रश्न उद्भवत नाही. वहिनींना नमस्कार.

आपला,
ईश्वर

ता. क. हिमानी तुमचं ऐकते. सहज फोन करून सांगा की बाबांना मुलगा पसंत आहे. माझं नाव आलं तरी चालेल.

ता. क. २. प्रफुल्ल बावीस तारखेला इकडे येतोय. म्हणतो, “काका, घ्यायला येऊ नका, मी बसने येईन.” डेट्रॉइट विमानतळावरून नोव्हायला, बसने! नकाशा पाठ केलाय म्हणे. मी बरं म्हटलं.

ता. क. ३. तुमची ती जुनी माकडटोपी वीस तारखेच्या आत पाठवून द्या. माझी टोपी त्याने पाहिलेली आहे. दुरूनच मागे राहीन. चुकला तरच पुढे होईन.