पाच सारखे दोरे

३ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चार महिने पत्र नाही, कान पकडते. हे फोनवर बोलता येत नाही, अप्पांचे कान अजून तिखट आहेत.

रविवारी वही शिवताना अप्पांच्या अंगठ्याच्या बुडाशी दाभण खोल घुसलं. जन्मभर बाइंडिंग केलेला माणूस! म्हणाले, दाभण आता ओळख दाखवत नाही. पट्टी बदलायला एक बाई येतात. दादा, मला त्यांचा संशय आहे. आज पाचवा दिवस. जखम लाल नाही, सुजलेली नाही, ठणकतही नाही; पण मिटतही नाही, कडा पांढुरक्या पडल्यात. तू लहानपणी माझा मुरगळलेला पाय मोजायचास तसा मी रोज बाइंडिंगचा दोरा त्या अंगठ्याभोवती गुंडाळून गाठ मारते. पाचही दोरे सारखे. बाई म्हणतात, सूज नाही हे नशीबच. मला वाटतं, त्या काहीतरी चोपडून लपवतात. की मला साखरेतही खडे दिसतात?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी


६ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

खडा आहे, पण बाईंवर मारू नकोस. सूज ही वैरीण नव्हे. कातडी फाटली की तिथल्या पेशी हाकाटी करतात. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यांतून पाणी झिरपतं, म्हणून सूज. त्याच वाटेने पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेला भाग खातात, डागडुजी त्यानंतर. अप्पांच्या जखमेत ही पहिली पायरीच आली नाही. कुणीतरी हाक दाबतंय. रक्तातली साखर तपास. आणि अप्पांचे गुडघे एकाएकी बरे झाल्याचं फोनवर म्हणाली होतीस, ते कशाने? काही सापडलं तर मनाने बंद करू नकोस, एकदम तोडलं तर अंगावर येतं. डॉक्टरांना दाखव, ताप आला तर तासभरही थांबू नकोस.

अप्पांना नमस्कार, तुला एक टप्पल.
दादा


८ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

साखर ठीक आहे. हाक मी दाबत होते.

ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलेल्या माणसाकडून गुडघ्यांसाठी बिननावाच्या गोळ्या आणल्या होत्या. अप्पांना गोळ्यांचा तिटकारा, म्हणून दोन महिने रोज सकाळी चुरून दुधात घालते. औषधवाल्याला दाखवल्या. तो म्हणाला, दोन दिवसांत गुडघे पळायला लागले असतील तर सूज दाबणारं स्टेरॉइडच असावं; तपासल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं, अप्पांना काही औषध चालू आहे का. मी फटकन नाही म्हणाले. खरंच सांगते, दुधाला मी औषध धरलंच नव्हतं. आज त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, मला वाटलंच होतं, पण तुमचे डोळे बघून पुन्हा विचारायची छाती झाली नाही.

अप्पांनाही सांगितलं. म्हणाले, दूध कडू लागायचं गं, पण तू देत होतीस.

डॉक्टरांशी बोलले. ताप नाही, म्हणून सकाळची वेळ दिली आहे. रागाव, पण लिहीत राहा.

तुझी धाकटी

उद्या: नऊ वाजता अप्पा आणि गोळ्यांची पुडी घेऊन दवाखाना.